सेमिनारचा निबंध आणि आपल्या इतिहासाची साधने



पेसाह उलटला की आम्हा निवृत्त मंडळींचे फोन वाजू लागतात. विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला पोचलेल्या नातवंडांना 'सेमिनारिओन'चा मोठा निबंध लिहायचा असतो. पहिल्या वर्षाच्या लेखनवर्गात चार पानांवर भागते. इथे पंचवीस-तीस पाने, तळटीपा, ग्रंथसूची, सगळे रीतसर लागते. विषय पुष्कळ जण घरचाच घेतात, बेने इस्राएल. मग अर्ध्या हिब्रूत, अर्ध्या मराठीत प्रश्न येतो, "आजी, आपले लोक कोकणात कधी आले?"

आजी जे सांगते ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. गलबत फुटले, नवगावच्या किनाऱ्याला सात पुरुष आणि सात बायका जिवंत लागल्या, बाकीच्यांना तिथेच पुरले, पोथ्या समुद्रात गेल्या, तोंडात शेमा तेवढा राहिला. नात लिहून घेते. आठवड्याने शिक्षक समासात विचारतात: हे कोणी म्हटले? कधी म्हटले? कुठे छापले आहे?

काही आजी-आजोबांना या प्रश्नाचा राग येतो. आमच्यावरच शंका घेता का, म्हणतात. आम्हाला मात्र तो प्रश्न ओळखीचा वाटतो. आमचा जन्म नर्सिंगमध्ये गेला. वॉर्डात केस-पेपरवर तारीख, वेळ आणि सही नसेल तर ती नोंद धरत नाहीत. रात्रपाळीच्या सिस्टरने ताप ३८ लिहिला म्हणून सकाळच्या सिस्टरने तोच आकडा खाली उतरवायचा नसतो, आपण थर्मामीटर लावायचा असतो. आपल्या इतिहासात नेमके उतरवण्याचेच काम फार झाले. एकाने लिहिले, दुसऱ्याने घेतले, तिसऱ्याने दुसऱ्याचे नाव देऊन घेतले. दहा पुस्तकांत तीच गोष्ट सापडली की विद्यार्थ्याला वाटते दहा साक्षीदार मिळाले. तळटीपा धरून मागे मागे गेले की बहुतेक वेळा साक्षीदार एकच निघतो.

तो साक्षीदार म्हणजे हाईम शमुवेल केहिमकर. मुंबईत १८७५ मध्ये इस्राएली शाळा काढणारे हेच. तीच शाळा पुढे सर एली कदुरी हायस्कूल झाली आणि आमच्यातले कितीतरी जण तिथे शिकले. केहिमकरांचा इंग्रजी ग्रंथ, 'द हिस्टरी ऑफ द बेने-इस्राएल ऑफ इंडिया', हाच आपल्या लेखी इतिहासाचा पाया आहे. निबंधांत त्याचा उल्लेख 'केहिमकर, १९३७' असा येतो, कारण पुस्तक त्या वर्षी तेल अवीवमध्ये डॉ. इमॅन्युएल ओल्सवँगर यांच्या संपादनाखाली छापले गेले. पण लिहून झाले होते १८९७ मध्ये. छापील पुस्तक पाहायला केहिमकर हयात नव्हते.

चाळीस वर्षांचा फरक किरकोळ वाटेल, पण नाही. १८९७ म्हणजे मुंबईत प्लेगचे दिवस. बाझलला हर्झलची पहिली झिओनिस्ट परिषद भरली तेही हेच वर्ष. केहिमकर ज्या वाचकासाठी लिहीत होते तो इंग्रज अधिकारी, मिशनरी आणि मुंबईतला बगदादी यहुदी होता. त्यांच्यापुढे 'आम्ही जुने आहोत, आम्ही अस्सल आहोत' हे सिद्ध करायचे होते. १९३७ चा तेल अवीवमधला वाचक वेगळा. वर्ष चुकीचे धरले की लेखक कोणाशी बोलतो आहे हेच कळत नाही, आणि मग त्याने काय ठासून सांगितले व काय गाळले याचा अंदाजही लागत नाही.

आता इ.स.पू. १७५ हा आकडा घ्या. इंटरनेटवर, पत्रकांत, लग्नाच्या स्मरणिकेतसुद्धा तो छापलेला दिसतो, जसे काही बंदरात गलबताची नोंद सापडली आहे. तो केहिमकरांचा तर्क आहे. आपल्या पूर्वजांना हन्नुका ठाऊक नव्हता, म्हणजे मक्काबींच्या विजयाआधी, आंतिओखस राजाच्या छळाच्या सुमारास ते गालील सोडून निघाले असावेत, असा तो हिशेब. तर्क हुशारीचा आहे. पण एखादा सण माहीत नसणे आणि सण विसरला जाणे यांतला फरक दोन हजार वर्षांनंतर कसा ओळखायचा? निबंधात 'केहिमकर असा तर्क करतात' असे लिहिले तर ते खरे आहे. 'इ.स.पू. १७५ मध्ये आले' असे लिहिले तर त्याला आधार नाही. एवढा एक शब्द बदलायला ग्रंथालयात जाऊन मूळ पान उघडावे लागते.

याहून मोठी गोष्ट डेव्हिड राहाबीची. तीही पाठ आहे: परदेशी विद्वान आला, त्याने बायकांना खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे मासे एकत्र रांधायला दिले, बायकांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले, त्यावरून त्याने ओळखले की हे यहुदी. मग झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर अशा तीन घरांतल्या माणसांना शिकवून त्याने काजी नेमले. कधी? केहिमकर स्वतःच दोन आकडे देतात, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, किंवा काहींच्या मते पाचशे. पुढच्या लेखकांनी पहिला आकडा उचलला, दुसरा सोडला.

कोचीनच्या कागदांत मात्र राहाबी हे घराणे चांगले ठाऊक आहे. इझिकेल राहाबी (१६९४ ते १७७१) हा डच कंपनीचा मोठा व्यापारी मध्यस्थ. त्याचा मुलगा डेव्हिड राहाबी. इझिकेलने १७६८ मध्ये हॉलंडमधल्या टोबियास बोआस या सावकाराला पत्र लिहिले, त्यात मराठ्यांच्या मुलखातल्या आपल्या लोकांचे वर्णन आहे. तेलाचे घाणे चालवतात, काही शिपाईगिरी करतात, शब्बाथ पाळतात, शेमाखेरीज काही येत नाही. वॉल्टर फिशेल यांच्यासारख्या संशोधकांनी यावरून मांडले की आपल्या गोष्टीतला राहाबी हा अकराव्या शतकातला कोणी नसून हाच अठराव्या शतकातला कोचीनचा डेव्हिड असावा.

हे वाचून आमच्यातली वडीलधारी मंडळी नाराज होतात. आमचे मत विचाराल तर आम्हाला फिशेल यांचे म्हणणे जास्त पटते. राहाबीने इ.स. १००० च्या सुमारास तीन काजी तयार केले असतील, तर साडेसातशे वर्षांनी कोचीनच्या माणसाला फक्त शेमा ऐकू यावा, हे जरा विचित्रच. उलट तो अठराव्या शतकात आला असे धरले तर पुढचे सगळे जवळजवळ लागून येते. १७९६ मध्ये शमुवेल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत आपले पहिले सिनेगॉग, शाआर हाराहामीम, बांधले. शिक्षक आला, पुढच्या पिढीने सिनेगॉग उभे केले. आणि शिक्षकाची तारीख अलीकडे आली म्हणून शिकणाऱ्यांचे वय कमी होत नाही. तो आला तेव्हा शब्बाथ पाळणारे लोक तिथे होतेच ना? शनिवारी घाणा बंद, म्हणून तर शेजारीपाजारी शनवार तेली म्हणत.

शोधायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. इस्राएलमध्ये राहणाऱ्यांचे नशीब चांगले. जेरुसलेमचे राष्ट्रीय ग्रंथालय कित्येक वर्षे हिब्रू विद्यापीठाच्या गिव्हात राम आवारात होते आणि त्याचे नावच मुळी यहुदी राष्ट्रीय आणि विद्यापीठ ग्रंथालय असे होते. २०२३ च्या ऑक्टोबरात ते क्नेसेतसमोरच्या नव्या इमारतीत गेले. त्या ग्रंथालयाने १९६६ पासून चालवलेली 'रांबी' नावाची लेखसूची आहे. यहुदी विषयांवर कुठल्या नियतकालिकात कोणता लेख आला ते तिच्यात मिळते. गूगलवर पहिल्या पानावर येणारे चार दुवे म्हणजे संशोधन नव्हे, हे नातवंडांना पटवायला ही एक सूची पुरे. बेन झ्वी संस्थेच्या 'पेआमिम' या नियतकालिकाचे अंक तिच्यातूनच हाती लागतात.

पण आधी नावाचा घोळ सोडवावा लागतो, आणि तिथे बरीच मुले दमून परत येतात. हिब्रू सूचीत 'ब्नेई यिस्राएल' टाकले की मोशेबरोबर मिसरातून निघालेले सगळे लोक पुढे येतात, हजारोंनी. त्यात आपण कुठे सापडणार? 'होदू' हा शब्द जोडला की यादी आटोक्यात येते. इंग्रजीत केहिमकर 'बेने-इस्राएल' लिहितात, सरकारी गॅझेटियरमध्ये 'बेनी-इस्राएल' आहे, दोन्ही टाकून पाहावे. 'शनवार तेली' टाकावे, रोमन लिपीत त्याचीही दोन-तीन रूपे आहेत. आडनावांचेही तसेच. केहिमकर म्हणजे अलिबागजवळच्या किहीमचे, पेझारकर पेझारीचे, रोहेकर रोह्याचे, हे आपल्याला नाव ऐकताच कळते. सूची करणाऱ्याला कळायचे कारण नाही. म्हणून गावाच्या नावाने शोधणे कधी कधी जास्त कामाला येते.

'बॉम्बे प्रेसिडेन्सी'चे गॅझेटियर तर अवश्य पाहावे. कुलाबा आणि जंजिरा यांचा अकरावा खंड १८८३ चा, पुण्याचा अठरावा खंड १८८५ चा. दोन्हींत आपल्यावर मजकूर आहे. तो केहिमकरांच्या आधीचा आणि बाहेरच्या माणसाने लिहिलेला. बाहेरचा माणूस जे पाहतो ते घरच्याला दिसत नाही, आणि जे चुकीचे ऐकतो ते घरच्यालाच दुरुस्त करता येते. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की निबंधाला मजकूर आपोआप मिळतो. त्यानंतरची मोठी पुस्तके तीन-चारच आहेत: शिफ्रा स्ट्रिझॉवर (१९७१), बेंजामिन जे. इस्राएल (१९८४), शर्ली बेरी आयझेनबर्ग (१९८८), जोन रोलंड (१९८९). आयझेनबर्गबाईंच्या जाडजूड पुस्तकात सुरुवात करावी आणि तिथून तळटीपांनी मागे जावे. बेंजामिन इस्राएल आपल्यातलेच, आणि घरच्या दंतकथांकडे सर्वांत कठोरपणे पाहणारेही तेच, म्हणून आम्हाला ते फार आवडतात.

विज्ञान शाखेची मुले जनुकांवरचा २०१६ चा अभ्यास घेऊन येतात, 'प्लॉस वन'मध्ये आलेला, कोणालाही फुकट वाचता येणारा. आपल्यात यहुदी आणि भारतीय, दोन्ही वारसे चांगल्या प्रमाणात आहेत असे तो सांगतो. गलबत, गालील, चौदा माणसे यांविषयी तो काही सांगत नाही. रक्ताच्या तपासणीला जे विचारले तेवढेच ती सांगते.

हे सगळे कशासाठी, असे कोणी विचारले तर आम्ही १९६२ ची पुस्तिका काढायला सांगतो. त्या वर्षी इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना काढली: वधू किंवा वर बेने इस्राएल असेल तर आई, आजी, पणजी अशा जमेल तितक्या पिढ्या मागे जाऊन चौकशी करा. आणि आपल्या उगमाविषयीचे जुने निर्णय व उतारे एकत्र करून एक पुस्तिका जेरुसलेममध्ये छापली. म्हणजे कोणाचे लग्न लागावे आणि कोणाचे अडावे, याची चर्चा कागदांवरून चालली होती. कोण्या प्रवाशाने काय लिहिले, कोण्या रब्बीने कधी शंका घेतली, ते सारे पुरावा म्हणून मांडले गेले. आपल्या लोकांनी उन्हातान्हात जेरुसलेमला धरणे धरले. १७ ऑगस्ट १९६४ ला क्नेसेतची खास बैठक झाली आणि बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत, त्यांच्यात आणि इतरांत भेद नाही, असा ठराव झाला. महिनाअखेरीस मंडळाने सूचनेतले आपले नाव काढले.

आमच्या पिढीला हे घरातल्या कुजबुजीतून कळले. ज्यांनी सोसले ते बोलत नसत. आज नातवंडांना ते दिवसावारी वाचता येते. राष्ट्रीय ग्रंथालय आणि तेल अवीव विद्यापीठ यांनी मिळून जुनी यहुदी वृत्तपत्रे संगणकावर आणली आहेत, 'दावार', 'मारिव' वगैरे, घरबसल्या उघडतात. ऑगस्ट १९६४ चे अंक काढा. क्नेसेतच्या भाषणांचे छापील वृत्तांत विद्यापीठांच्या ग्रंथालयांत असतात, तेही काढा. ती पुस्तिकाही वाचा. आमच्यातल्या काहींना ती हातात धरवत नाही, आणि ते आम्ही समजू शकतो. पण विरुद्ध बाजूचा कागद न वाचता लिहिलेला निबंध शिक्षक परत करतील, आणि बरोबर करतील.

आता जे काम नातवंडांना एकट्याने जमणार नाही त्याविषयी. आपली अर्धी साधने मराठीत आहेत. १८३२ मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, ते मुख्यतः आपल्या लोकांसाठी. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली, ते मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक होते. १८७४ मध्ये पुण्यात सचित्र हगादा निघाली. तिच्यात मात्झा करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. ती पाहिलेली नसेल तर सगळे सोडून आधी ती पाहा. शिवाय 'सत्यप्रकाश'पासूनची मराठी नियतकालिके. इंग्रजी पुस्तकांत या साहित्याचा उल्लेख येतो, पण त्यातला मजकूर फारसा येत नाही, कारण लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना मराठी वाचता येत नव्हते.

त्याचा परिणाम बारीकसारीक ठिकाणी दिसतो. केहिमकरांनी आपल्या सणांची मराठी नावे रोमन लिपीत दिली आहेत: खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा सण. परदेशी वाचकाला यातले तिसरे नाव म्हणजे नुसती अक्षरे. आपल्यापैकी कोणालाही वालाचे बिरडे डोळ्यांपुढे येते, आणि तिशा बेआवशी ते जोडले कसे गेले, वाल भिजवून मोड आणून सोलायला किती वेळ लागतो, शोकाच्या दिवसांत मटण का नाही, हे सगळे लगेच कळते. सणाच्या नावात स्वयंपाकघर आहे. हिब्रू पंचांगात ते नाही. या एका नावावर कोणी मराठी जाणणाऱ्या नातीने निबंध लिहिला तर तो आम्हाला वाचायला आवडेल.

म्हणून आम्ही काही जण आता नातवंडांबरोबर ग्रंथालयात जातो. ती हिब्रू आणि इंग्रजी वाचतात, आम्ही मराठी वाचतो. ग्रंथपाल मदत करतात, फक्त जाण्यापूर्वी काय हवे ते लिहून न्यावे, कारण जुनी पुस्तके कोठारातून मागवावी लागतात आणि हगादेसारखी दुर्मिळ प्रत हातात मिळत नाही, पडद्यावर पाहावी लागते. एका विद्यापीठात पुस्तक नसेल तर दुसऱ्यातून मागवून देतात, त्याला दिवस लागतात. निबंध द्यायच्या आदल्या आठवड्यात फोन करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आंग्र्यांच्या आरमारातल्या चुरीकरांविषयी केहिमकर जे लिहितात ते पडताळायचे असेल तर प्रश्न मोडीचा येतो, आणि ते काम आमच्याही आवाक्याबाहेरचे. मोडी वाचणारे कोणी वाचकांत असतील तर कळवावे.

शेवटी घरातल्या कागदांविषयी. इस्राएलमध्ये छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या आणि मासिकाच्या प्रती कायद्याने राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जाव्या लागतात. पण आपल्या मंडळांच्या स्मरणिका, मलिदाच्या कार्यक्रमाची पत्रके, एलियाहू हान्नबीची मराठी गीते सायक्लोस्टाइल करून वाटलेली, मुंबईहून ट्रंकेतून आलेल्या वह्या, कीर्तनांची हस्तलिखिते, यांतले काहीच आपोआप तिथे जात नाही. म्हातारी माणसे गेली की घर रिकामे करताना मुले ती न समजणारी लिपी पाहून कागद निळ्या डब्यात टाकतात. तेव्हा एक कागद टाकण्यापूर्वी त्याच्या पाठीवर पेन्सिलीने, मराठीत आणि हिब्रूत, एवढे लिहावे: हे कोणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या वर्षी, इथे कोणी आणले. पेनने लिहू नये, शाई फुटते. फोटो असेल तर उभ्या माणसांची नावे डावीकडून उजवीकडे. मग तो पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून आम्हाला सांगावे. अश्दोद, लोद, बेअर शेवा, दिमोना, कुठेही असलात तरी आमच्यापैकी कोणीतरी येऊन बघून जाईल.